फोन माझ्याच हातात ठेवलास, बाय

प्रिय बाय,

डिचोलीच्या बाजारात तुझ्या फार्मसीत आभार मानायला यावं, तर मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर.

पहिले आभार तू न केलेल्या विक्रीचे. रक्तदाब दाखवणारं मनगटी घड्याळ हवं म्हणून मी आलो होतो. तू म्हणालीस, "सर, डॉक्टरांना दाखवायचे आकडे असतील तर दंडाला पट्टा बांधायचं मशीनच घ्या."

मग फोन. घरची मुलं "द्या इकडे" म्हणत तो ओढून घेतात, अंगठा भराभर नाचवतात आणि "झालं" म्हणून परत देतात. काय झालं ते त्यांनाच ठाऊक. तू मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिलीस. "सेटिंग उघडा. आता खाली सरकवा." अक्षरं मी मोठी केली, भाषा मी मराठी केली. माझा अंगठा चित्रावर जरा रेंगाळला की चित्रच जागचं हलायचं आणि ॲप उघडायचं नाही. दाबून धरायची वेळ वाढवण्याची सोय फोनमध्येच असते, हे तुझ्याआधी कुणी बोललं नव्हतं. जन्मभर शाळेत काढलेला माणूस मी. पोराच्या हातातली पेन्सिल काढून न घेता शिकवणं किती कठीण, ते मला विचार.

आभाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, १४ अंकी क्रमांक काढताना ओटीपी आला, तेव्हा तू चक्क तोंड फिरवलंस. "मलासुद्धा सांगायचा नाही," अशी ताकीद वर.

रक्तदाब मोजायची रीत आता अंगवळणी पडली आहे. अर्धा तास आधी चहा नाही. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला, आणि मिनिटभराने पुन्हा एकदा. ही मध्येच बोलू लागली की मी नुसतं ओठावर बोट ठेवतो. एवढ्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच खपवून घेतलं जातंय!

पावसात वीज गेली, रेंज गेली तरी अडत नाही. मशीन सेलवर चालतं, आकडे ब्लूटूथने फोनमध्ये जातात. त्याला इंटरनेट कशाला? ॲप बनवणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. म्हाताऱ्यांसाठी म्हणतात आणि पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं छापतात.

डॉक्टरांसमोर बसलं की काही जणांचा दाब चढतो, त्यातला मी एक. दवाखान्यात १४०/९०च्या वर गेला की जास्त धरतात, घरच्या सरासरीला मात्र हद्द १३५/८५ची. या वेळी डॉक्टरांनी फोनमधला आलेख मागेपुढे सरकवून पाहिला. घरची सरासरी हद्दीच्या आत होती. गोळी वाढवायचा बेत त्यांनी तिथेच सोडला, आणि "हे कुणी शिकवलं?" म्हणून विचारलं. तुझ्या दुकानाचं नाव सांगितलंय.

देव बरें करूं, बाय. चवथीला घरी ये, नेवऱ्या ठेवतो. आणि शेजारचे काका त्यांचा फोन घेऊन शनिवारी माझ्याबरोबर येणार आहेत. त्यांची अक्षरं मोठी करून झाली आहेत. दाबून धरायची वेळ तेवढी मला सापडत नाही. दुपारी दुकान बंद व्हायच्या आत येतो, तुझं जेवण अडवणार नाही.

तुझा,
डिचोलीचा एक निवृत्त मास्तर