वायर ओढायची तार गाडीबाहेर काढा

महोदय,

उभ्या गाडीने पेट घेतल्याची बातमी येते तेव्हा शेवटी ‘शॉर्ट सर्किट झाल्याचा अंदाज’ एवढेच वाक्य असते. कराडला 31 वर्षे मी गाड्यांचे वायरिंग करतो. शॉर्ट होण्याआधी काय घडलेले असू शकते, ते माझ्याच हातून घडले आहे, म्हणून हे पत्र.

मी शिकलो तेव्हा वायर ओढायला वेगळे हत्यार नव्हतेच. स्कूटरच्या क्लच केबलमधली तार काढायची, नाहीतर बांधकामाची बाइंडिंग तार दुहेरी पिळून टोकाला आकडा करायचा आणि इंजिनाकडून डॅशबोर्डखाली ढकलायची. उस्ताद तसे करत, आम्हीही तसेच केले. अँबॅसिडर, पद्मिनीत ते खपून गेले. आत हात जाईल एवढी जागा होती आणि वायरी थोड्या. आताच्या गाडीत इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या भोकातून वायरींचा मनगटाएवढा जुडगा जातो. लोखंडी तार त्यात आंधळेपणाने घुसते.

2017 साली एका छोट्या गाडीला रिव्हर्स कॅमेरा बसवला. डिकीच्या झाकणाकडे वायरी नेणारी रबरी नळी असते, तिच्यातून मी तार घातली. कॅमेरा उत्तम चालला. तीन महिन्यांनी गिऱ्हाईक परत आले: दिवे लावले की फ्यूज जातो आणि करपल्याचा वास येतो. नळी उपसून पाहिली, तर माझ्या तारेच्या टोकाने नंबर प्लेटच्या दिव्याची वायर सोलली होती. झाकण उघडमीट होऊन उघडे तांबे नळीच्या तोंडाशी पत्र्याला लागत होते. त्या वायरीला कंपनीचा फ्यूज होता म्हणून निभावले. हीच वायर फ्यूज न लावता थेट बॅटरीवरून घेतलेली असती, तर बॅटरीने क्षणात शेकडो अँपिअर ओतले असते. मागच्या सीटवर त्यांची दोन लहान मुले बसत. मला कित्येक रात्री झोप लागली नाही.

मग योग्य हत्याराचा शोध सुरू झाला. घराच्या पाइपात वायर ओढायची स्टीलची पट्टी आणली. ती लांबलचक आणि ताठ, कडा धारदार, शिवाय वीजवाहक. गाडीत तिचे काम नाही. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर फायबरग्लासच्या कांड्या मिळाल्या. फूटभराच्या, एकमेकींत पेचाने बसणाऱ्या, टोकाला आकडा किंवा कडी लावता येते. सरळ रस्त्याला त्या फार चांगल्या. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी झालेल्या प्रवासी बसना आपत्कालीन बटणे लागतात, त्यांच्या वायरी मी याच कांड्यांनी नेतो. पण कारच्या वळणात कांडी अडते, जोर केला तर चिरफाळते आणि तिचे तंतू हातात रुततात. तिथे खरी उपयोगी पडली ती जाड नायलॉनची दोरी, पुढे लवचीक स्प्रिंगचे गोल टोक असलेली. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या चार मीटरच्या आतल्या, त्यामुळे पाच मीटर लांबी पुरते. टोकाला वायर टेपने निमुळती बांधायची, रबराला थोडे साबणाचे पाणी लावायचे आणि अडली तर ओढायचे नाही, मागे घ्यायचे. प्लास्टिकची पट्टी घेऊन ट्रिम, म्हणजे गाडीच्या आतली आवरणे, उघडली तर निम्मा रस्ता डोळ्यांना दिसतो. पुढच्या काचेशेजारच्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल, तर तिथे आंधळेपणाने काहीच घालू नये. खांबाचे कव्हर काढून वायर एअरबॅगच्या मागून न्यावी.

एवढे साधे हत्यार तालुक्याच्या दुकानात मागितले तर ‘तार आहे की’ असे उत्तर मिळते. ऑटो पार्ट्सच्या दुकानदारांनी ते ठेवावे. गाडीमालकांनीही कॅमेरा किंवा जादा दिवे बसवताना जवळ उभे राहून तीन गोष्टी विचाराव्यात: वायर कशाने ओढणार, पत्र्याच्या भोकात रबराचा ग्रोमेट (कडेने वायर सोलू नये म्हणून बसवलेली कडी) आहे का आणि बॅटरीच्या जवळ फ्यूज लावला का. याचा राग येणाऱ्या कारागिराकडे गाडी देऊ नये.

आमच्या भागातल्या एखाद्या आयटीआयने बोलावले, तर हत्यारे आणि ती सोललेली वायर घेऊन मी एक दिवस विनामोबदला शिकवायला येईन. वायर मी अजून जपून ठेवली आहे.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, कराड