पणजीच्या दगडावरची चार अक्षरं

सर, ताई आणि कॉलेजवाले दोघं, तुम्हा चौघांना नमस्कार,

नावं टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाहीये, पण आमच्या गावचं जुनं कबरस्तान साफ करून पणजीचा दगड वाचून दिलात, त्याचे आभार मानल्याशिवाय राहवतही नाही. त्या दिवशी फोनवर मला धड बोलताच आलं नाही, घसा दाटला आणि मी "बरं बरं, ठेवतो" करून ठेवून दिला, नंतर बायको म्हणाली काय माणूस आहेस, थँक्यू तरी म्हणायचंस. तर ते आता म्हणतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून लोक ज्यांना शनवार तेली म्हणायचे ते आम्ही. आडनावं गावावरून, पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. 1948 नंतर हळूहळू बहुतेक सगळे इस्राएलला गेले, आमच्यासारखे थोडे ठाण्या-मुंबईत राहिले, गावातली घरं विकली गेली आणि मागे राहिली ती कबरस्तानं. अलिबागकडच्या आमच्या गावातलंही तसंच, घाणेरी कमरेएवढी, दगड अर्धे मातीत, उरलेल्यावर शेवाळ.

तिथे तुम्ही दोन हिवाळे दर रविवारी जात होतात हे मला कुठे माहीत होतं! चौघांपैकी एक ताई सोडल्या तर बेने इस्राएल कुणीच नाही हे तर अजून नंतर कळलं. कोयत्याने झुडपं काढायची, प्रत्येक कबरीला नंबर द्यायचा, कागदावर नकाशा, मग मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस्स. आणि तो आरसा! ड्रेसिंग टेबलचा जुना आरसा घेऊन एक पोरगा उभा, ऊन तिरकं दगडावर टाकतोय, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे सावलीतून अक्षरं उठून दिसतायत, हा व्हिडिओ मी किती जणांना पाठवला असेन.

आता कबुली देतो. सहा वर्षांपूर्वी मी आणि माझा चुलतभाऊ तिथे तारेचा ब्रश घेऊन गेलो होतो. जोशात पणजीचा दगड घासला, मराठी मजकुराच्या दोन ओळी आम्ही स्वतःच्या हाताने पुसल्या असं म्हणायला हरकत नाही. तुमच्या यादीत 27 नंबरपुढे फक्त एवढंच लिहिलंय, "अलीकडे घासल्याच्या खुणा". वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वरची हिब्रू ओळ खोल कोरलेली म्हणून टिकली. ताव, रेश, आयिन, तेत. ताईंनी समजावलं की हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते, 400, 200, 70, 9, झाले 679, पाच हजार लिहीत नाहीत, धरायचे, म्हणजे 5679. हे साल आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकातल्या चिठ्ठीवरही होतं, आणि काकांनी कधीतरी त्यातून 3760 वजा करून 1919 काढलं होतं, तेच सगळ्यांनी धरलं. पण दगडावर महिनाही आहे, हेश्वान. आणि आमचं ज्यूंचं नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतं, हेश्वान त्यानंतरचा पण जानेवारीच्या आधीचा, म्हणून 3761 वजा करायचे. म्हणजे ऑक्टोबर 1918, फार तर नोव्हेंबरचे पहिले दिवस.

एका वर्षाने काय फरक पडतो? आमच्या घरात खूप पडला. आजोबा तेव्हा दोन वर्षांचे. ते म्हणायचे "आई मानमोडीत गेली". पुढच्या पिढीत त्याचं झालं "मान मोडून गेली", आणि मग गोष्टच तयार झाली, की नणंदेने भर दुपारी विहिरीवर पाठवलं, पाय घसरला. ज्या नणंदेने आजोबांना पोटच्या पोरासारखं वाढवलं तिचं नाव निघालं की घरातल्या बायका गप्प व्हायच्या. सरांनी फोनवर सहज विचारलं, "अहो, मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएन्झा ना?" आणि सांगितलं की त्याच ओळीत त्याच हेश्वानच्या अजून चार कबरी आहेत, त्यातल्या दोन लहान मुलांच्या. देशात कोटीच्या वर माणसं गेली त्या साथीत. विहीर नाही, नणंद नाही, काही नाही.

इस्राएलमध्ये अश्दोदला आत्याला व्हिडिओ कॉल लावला. ती 80 ची आहे, अजून मराठीतच भांडते. फोटो दाखवला, तिने हिब्रू घडाघडा वाचलं आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. शेवटी एवढंच, "त्या बिचारीला उगाच बोल लावला रे आपण."

अजून एक आवडलं ते सांगतो. दगडावर "मईत" कोरलंय तर तुम्ही "मईतच" लिहिलंत, सुधारलं नाहीत. अब्राहमचा अबाजी, सॅम्युएलचा सामाजी, बेंजामिनचा बन्नाजी, दगडावरचं नाव आधी आणि कागदोपत्री असू शकेल ते शेजारच्या रकान्यात. आम्ही इतकी वर्षं मुंबईच्या कागदातली नावं घेऊन कोकणात शोधत बसलो होतो, सापडणार कशी!

मागच्या रविवारी जाऊन आलो. नणंदेची कबर 31 नंबरला आहे, पणजीपासून चार पावलांवर, मला आयुष्यात कधी कुणी दाखवली नव्हती. आमच्या रिवाजाप्रमाणे दोघींच्या कबरीवर एकेक खडा ठेवला. आत्याच्या नावाने अजून दोन.

रोह्याकडचं कबरस्तान पावसाळ्यानंतर घेणार आहात असं ऐकलं. मला नक्की फोन करा, डबा चौघांचा आणतो, कोयता आणतो, आरसा धरायला तासन् तास उभा राहतो. तारेचा ब्रश घरातून टाकून दिलाय.

तुमचा,
27 नंबरवालीचा पणतू