गावनकाशावरच्या पायवाटा रानातही राहू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला समुद्रकाठच्या पायवाटांवरचा लेख वाचला. वेल्समध्ये २०१२ पासून अख्ख्या किनाऱ्याला लागून सुमारे १४०० किलोमीटरची पायवाट खुली आहे, हे वाचून हेवा वाटला. सोलापूरला समुद्र नाही. पण चालण्याची ओढ आमच्या जिल्ह्याइतकी फार थोड्या ठिकाणी असेल, आणि त्याच जिल्ह्यात पायी माणसाला धड वाट उरलेली नाही. त्यासाठी हे पत्र.

आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या आमच्याच जिल्ह्यातून पंढरपुरात पोचतात. कोजागरीला सोलापूर ते तुळजापूर हे ४५ किलोमीटर लाखो लोक चालून जातात. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना भेट देत फिरतात, त्यांच्यामागे चालणारी आमच्या घरातली ही चौथी पिढी. पदभ्रमंती हा शब्द आम्हाला नवा असेल, चालणे नवे नाही.

पण चालतो ते आता डांबरावर. कोजागरीला वाहतूक वळवतात, पोलीस रात्रभर उभे असतात, जागोजागी पाणी-चहा असतो, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. मात्र नवरात्रात, दर पौर्णिमेला, नवस फेडायला निघणारे वर्षभर असतात. त्यांच्या वाट्याला चौपदरी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीबाहेरची हातभर जागा येते, आणि त्यातूनही उलट दिशेने दुचाक्या येतात.

माझी आई तरुणपणी याच तुळजापूरला रानातून जायची. हिप्परग्याचे तळे मागे पडले की बायका सडक सोडायच्या आणि बांधाबांधाने, ओढ्या-ओघळीतून पुढे जायच्या. तिच्या सांगण्यात सडक कधी आलीच नाही. यायचा तो भाकरी सोडायचा वड, आणि ती दगडी डोण, जिच्यापाशी मोटेवरचा गडी ओंजळीत पाणी घालायचा.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही चौघी मैत्रिणींनी, सगळ्या साठी उलटलेल्या, त्या वाटेचा माग काढायचे ठरवले. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावातून उजाडता उजाडता निघालो. पहिला अर्धा तास फार सुखाचा गेला. दोन्ही अंगांना ज्वारी पोटऱ्यात आलेली, पानांवरच्या दवाने साडीचे काठ भिजलेले, पायमोज्यांत कुसळे रुतलेली. मग आडवी टाकलेली बोरीची काटी आली, तिच्यामागे तारेचे कुंपण आणि पलीकडे ताजी नांगरट. वाट तिथेच संपली.

शेळ्या घेऊन निघालेले एक आजोबा आमच्याजवळ थांबले. म्हणाले, "बायांनो, वाट नकाशावर हाय, रानात न्हाई. समदी गाडीवर जात्यात, चालतंय कोन?" मग काठीने त्यांनी जुनी वाट दाखवली. बांध ओलांडायला कुणीतरी कधीकाळी ठेवलेला एक काळा दगड तिथे होता. पाय पडून पडून मधोमध खोलगट झालेला. त्याच्या अलीकडे वाट नाही, पलीकडे वाट नाही, दगड तेवढा जागेवर आहे. आमच्यातली एक त्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली.

आजोबांचे बोलणे डोक्यातून जाईना म्हणून गावनकाशाची, म्हणजे गावातली शेते आणि वाटा दाखवणाऱ्या सरकारी नकाशाची, प्रत काढली. वाट खरोखरच होती! गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवतात आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. त्या एकेरी रेषेची प्रत्यक्षातली रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असते. दोन माणसे बोलत शेजारी शेजारी चालतील आणि समोरून डोक्यावर भारा घेऊन बाई आली तर तिलाही वाट मिळेल, एवढी. इंग्लंड-वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना आपापल्या भागातल्या पायवाटा हुडकून नकाशावर नोंदवायला लावल्या, आणि त्यातून तिथल्या वाटा टिकल्या. आपल्याकडे रेषा कागदावर आयत्या आहेत. ती रेषा घेऊन रानात जाणारे कुणी नाही.

नकाशा देणाऱ्या कर्मचाऱ्याने आपुलकीने सल्ला दिला, "मॅडम, पायवाट मागून काय मिळणार? ट्रॅक्टर जाईल असा रस्ता मागा." सगळी मेख इथेच आहे. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला बांधावरून वाट मिळवून देते. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेली वहिवाटीची वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पाणंद रस्ते होत आहेत, तेही ऊस आणि खत वाहून नेता यावे म्हणून. शेतकऱ्याला हे हवेच, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या वाटेवरून फक्त माणसे चालत होती, तिच्यासाठी सहा महिन्यांत दावा लावणार कोण? चालणारी बाई दुसऱ्याच गावची. ती पुढच्या वर्षी येते आणि काटी पाहून मुकाट सडकेला लागते.

शेतकऱ्याला दोष देणे मला पटत नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभा मका लोळवतो, मग तार ओढण्यावाचून इलाज काय? शहरातून येणाऱ्या आम्हा लोकांचे वागणेही धड नाही. हुरड्याच्या दिवसांत बांधावर बाटल्या आणि कागदी ताटल्या पडलेल्या मी स्वतः वेचल्या आहेत. एका द्राक्ष बागायतदाराने मला विचारले, "फवारणी झालेल्या बागेतला घड न विचारता तोडून खाल्ला आणि कुणाला काही झालं, तर जबाबदार कोण?" त्यांचे शंभर टक्के खरे आहे. वाट मागायची तर वाट सोडून रानात शिरायचे नाही, उघडलेले फाटक लावायचे, कचरा पिशवीतून परत न्यायचा, एवढे आधी आपण पाळले पाहिजे. कुंपणाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. गर्दीच्या देवळांच्या आवारात लोखंडी नळ्यांची वळणे असतात, त्यातून माणूस निघतो, जनावर अडते. तारेत तशी एक फट ठेवली की झाले, आणि तिचा खर्च शेतकऱ्यावर पडता कामा नये.

सगळीकडेच वाट हवी असा माझा हट्ट नाही. नान्नजचे माळरान १९७९ पासून माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे, तिथे माणसांची वर्दळ वाढायला नको. हिप्परग्याचा तलाव १८७१ चा, हिवाळ्यात तिथे पट्टकदंब हंस उतरतात. तिथेही पाण्यापासून अंतर राखूनच वाट असावी.

मला खरी आस आहे ती भीमेच्या काठाची. आमचा किनारा तोच. पंढरपूरहून नदीच्या सोबतीने निघावे, औरंगजेबाची छावणी जिथे पडली होती त्या माचणूरला सिद्धेश्वराच्या देवळाशी मुक्काम करावा, आणि पुढे टप्प्याटप्प्याने भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला पोचावे. कुडलच्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी कोरीव लेख आहे, 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचेल तो विजयी होईल. मराठी भाषा ज्या दगडावर इतक्या लवकर उमटली तिथे आज आपण मोटारीने जातो, बहुमुखी शिवलिंगाचा फोटो काढतो आणि अर्ध्या तासात परततो. काठाने चालत आलेल्या माणसाला दोन नद्यांची पाणी एकत्र येताना दिसतील, ते दर्शन वेगळेच असेल. अडचणी मी पाहिल्या आहेत. ऊस पार पाण्यापर्यंत आलेला आहे, विद्युत मोटारींचे पाईप पावलोपावली आडवे आहेत, पुरात काठ बदलतो. म्हणून सलग वाटेचा आग्रह नको. नकाशावर जिथे पायमार्ग आहे तेवढे तुकडे आधी मोकळे व्हावेत, मधले अंतर गावरस्त्याने चालू. वेल्समध्येही आधीच्या वाटा एकमेकींना जोडत जोडतच किनारा पुरा झाला.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहायला नको. दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत गावनकाशा भिंतीवर लावावा, पायमार्गाच्या रेषा मोठ्याने वाचून दाखवाव्यात, आणि ज्या शेतकऱ्यांची हरकत नसेल त्यांच्या बांधावरच्या दगडांना चुन्याचा पट्टा मारावा. शाळेतली मुले हे काम एका शनिवारी करतील. आमच्याकडे चालायचे दिवस महाशिवरात्रीपर्यंतचेच, पुढे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून घाई करते आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. तालुक्या-तालुक्यांतल्या आपल्या वार्ताहरांनी गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना तुळजापूरची, पंढरपूरची, माहेरची वाट कशी जायची ते विचारावे, आणि आठवड्याला एक वाट विहिरी-वडांच्या नावांनिशी छापावी. आमच्या वाटेवरचे ते आजोबा शहाऐंशीचे आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करता येईल, गाव मी कळवते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर