सतराव्या लेव्हलवर पोचलेल्यांसाठी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी रात्री साडेबाराला तुझा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. तीन वर्षं दर शनिवारी चालवलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ (तू गोष्ट रचायची, पोरांनी त्यातले लढवय्ये, पुरोहित, जादूगार खेळवायचे, निकाल फाशांवर), पाचही जणांची पात्रं ताकद वाढत वाढत सतराव्या लेव्हलला पोचलेली, आणि महिनाभर खपून तू उभा केलेला तो तांबडा ड्रॅगन तिसऱ्या राउंडला गारद. सगळ्यांची एकेक पाळी मिळून राउंड, तो गोष्टीतल्या सहा सेकंदांचा, म्हणजे अठरा सेकंदांत खेळ खलास. "आई, बारा-तेराव्या लेव्हलच्या पुढे या खेळात काही राम नाही, बंद करतो," म्हणालास. बाबा झोपले होते, मला मोकळेपणानं बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. घाईनं बंद करू नकोस.

आधी ड्रॅगनचं बघू. तुमच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे त्याचे हिट पॉइंट (घाव सोसायची ताकद) ५४६, आग ओकली की सव्वीस फासे पडतात, सरासरी ९१. कागदावर भयंकर दिसतो. पण समोर पाच जण, त्यांच्या पाच पाळ्या, आणि याची एक. एकटा कितीही दांडगा असला तरी पाचांच्या घेरात सापडला की संपला. म्हणून तर नियमांत त्याला लेजंडरी अॅक्शन दिल्यात, दुसऱ्याची पाळी संपली की मध्येच करायच्या, एका फेरीत तीन. इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारा आकडा, त्याच्या वीसवर त्याची गुहा स्वतः हालचाल करते. आणि फसलेला सेव्ह (जादूतून वाचायचा फासा) यशस्वी करून घ्यायची सोय दिवसातून तीनदा. तू म्हणालास, "पोरांनी एवढा भारी स्पेल, म्हणजे मंत्र, टाकला, तो हाणून पाडायला जिवावर आलं." बाळा, तो रडीचा डाव नाही. त्या तीन सवलती खर्च करायला लावणं हाच तर त्यांच्या लढाईचा पहिला टप्पा आहे.

शिवाय तू त्याला सोन्याच्या ढिगावर बसवून ठेवलंस. आठशेहून जास्त पावसाळे पाहिलेला प्राणी, त्याला ही पाच माणसं येतायत याचा सुगावा लागला नसेल? तो उंच आभाळात असायला हवा होता, आग ओकून पुन्हा वर जायला. गुहेच्या तोंडाशी त्याची माणसं हवी होती. हे सगळं करता येईल, लढाई सहा-सात राउंड चालेल, पोरांना घाम फुटेल. पण तुझ्या मनात जे सलतंय ते एवढ्यानं जाणार नाही. कारण माझ्याही मनात ते सललं होतं.

तुला ठाऊक आहे, १९९१ मध्ये बाबांच्या पीएचडीसाठी आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला गेलो. माझा एफ-२ व्हिसा, नोकरी करायची मुभा नाही, बाहेर उणे वीस. शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलांनी एका शुक्रवारी खेळायला बोलावलं. हा खेळ त्याच विस्कॉन्सिनचा. लेक जिनिव्हा गावातला गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातला डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये तो बाजारात आणला. आमच्या घरापासून ते गाव गाडीनं दीड-दोन तासांवर. मी दोन महिने खेळले आणि पुढची चार वर्षं चालवला. आमच्या वेळी नियमांची दुसरी आवृत्ती होती.

चौदाव्या लेव्हलपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग मी एका सरदाराच्या खुनाचं रहस्य रचलं. तीन आठवडे बसून साक्षीदार, खोटे धागे, गुप्त जिना, सगळं. पुरोहितानं पहिल्याच संध्याकाळी प्रेताला प्रश्न विचारले, मग थेट देवाला. वीस मिनिटांत खुनी हातात. मी घाबरले. पुढच्या आठवड्यापासून नकार द्यायला सुरुवात केली. इथे भिंतींना शिसं लावलंय, चालणार नाही. इथे देव बोलत नाही. इथे टेलिपोर्ट केलंत, म्हणजे मंत्रानं क्षणात आत आलात, तर दगडात गाडले जाल. चार-पाच शुक्रवार असे गेले. एकदा खेळ संपल्यावर त्यांच्यातली एक मुलगी माझ्याबरोबर खाली उतरत होती. जिन्यात थांबून म्हणाली, "तीन वर्षं राबून आम्ही हे मिळवलं, तूच दिलंस. आता दर आठवड्याला तूच काढून घेतेस." तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. रात्रभर मला झोप नाही.

नंतरचा डाव तुला मी कधी सांगितलेला नाही, आज सांगते.

राक्षसांच्या टोळीनं एक गाव उद्ध्वस्त केलं होतं. आमची मंडळी पोचली तेव्हा धाड पडून चार दिवस झालेले. राक्षसांचं त्यांनी अर्ध्या तासात वाटोळं केलं, मी आडकाठी केली नाही. मग गावच्या वेशीवर एक म्हातारी पुरोहितासमोर येऊन बसली. म्हणाली, तुम्ही मेलेल्याला उठवता असं ऐकलंय. त्या नियमांत पुरोहिताच्या लेव्हलइतके दिवस, त्याच्या आत मेलेला असेल तरच तो उठवता येई. चौदा दिवसांतले चार गेले, उरले दहा. दिवसाला तीन स्पेल. थडगी सत्तेचाळीस.

पुरोहित खेळवणारा मुलगा तसा अबोल, शेतकी शाखेचा. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि फासे बाजूला सारले. तीस उठतील, सतरा राहतील. त्यानं वही ओढली आणि मला म्हणाला, "नावं सांग." माझ्याकडे नावं नव्हती. मी आमच्या माणदेशातल्या गावची सांगायला लागले. बायजा, दगडू, सखू, ज्ञानू, तान्ही... कुठल्या वाड्यातलं कोण, कुणाला किती लेकरं. त्यांच्या जिभेला ती वळेनात, पण त्यानं एकेक लिहून घेतलं. मग पाच जण भांडले. आधी लहान मुलं? मग त्यांना सांभाळणार कोण? लोहार उठवला नाही तर पेरणी कशी होणार? जादूगार म्हणाला, मी टेलिपोर्टनं राजधानीतून दुसरा पुरोहित आणतो. आणला, पण त्याच्या मंदिरानं त्याबदल्यात गावाची जमीन मागितली. रात्री दोनपर्यंत एकही फासा पडला नाही. एकही स्पेल मी अडवला नाही. त्यांच्याकडे होतं नव्हतं ते सगळं चाललं, आणि तरी पुरलं नाही.

सोनू, तुला सांगायचंय ते एवढंच आहे. पहिल्या लेव्हलला प्रश्न असतो, हे आपल्याला जमेल का. सतराव्याला बहुतेक सगळं जमतं. तेव्हा तू कुलूप अधिक मजबूत करत बसू नकोस. दार उघडलं तर कुणाचं काय होईल, ते ठरव. त्यांच्याकडे टेलिपोर्ट आहे ना? तीन आठवड्यांचा प्रवास मिटला, मिटू दे. मग एकाच सकाळी दोन शहरांतून हाक येऊ दे. जुन्या नियमांत नवव्या लेव्हलच्या लढवय्याला गढी बांधता यायची, माणसं त्याच्याकडे चाकरीला यायची. याच खेळाच्या १९८४ च्या कम्पॅनियन नावाच्या नियमसंचात तर मुलूख चालवायचे, करवसुलीचे, फौजांच्या लढायांचे नियम होते. त्या लोकांना कळलं होतं की एवढ्या ताकदीच्या माणसाला आणखी एक तळघर देऊन भागत नाही, त्याला रयत द्यावी लागते. तुझ्या पाच जणांना गेल्या तीन वर्षांत कुणी ओळखीचं झालंय का, त्यांच्यावर कुणी विसंबून आहे का, याची यादी कर. तुझं पुढचं वर्ष त्या यादीत आहे.

तुमच्या नियमांत मेलेल्याला उठवायला ५०० मोहरांचा हिरा लागतो. मोठा स्पेल दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्यालाही उठवतो, पण त्याला २५,००० मोहरांचे हिरे. तेव्हा राज्यातले हिरे कुणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न विचार. आणि आत्म्याची परत यायची इच्छा असावी लागते, हे विसरू नकोस. एखाद्यानं नाही म्हटलं तर?

विश हा हवं ते मागायचा स्पेल त्यांच्या हाती आलाय म्हणून तू धास्तावलायस. आठव्या पातळीपर्यंतच्या एखाद्या स्पेलची नक्कल त्यांनी केली तर बिनधोक. त्यापलीकडचं काही मागितलं तर ३३ टक्के शक्यता की तो माणूस पुन्हा कधीच विश करू शकणार नाही. एवढी किंमत पुरे आहे. त्याच्या शब्दांत खोट काढून मुद्दाम उलटं फळ देऊ नकोस. एखाद्यानं तीन वर्षांनी मनातलं मागितलं तर ते ऐक.

बाकी किरकोळ. पाळी फार लांबते म्हणतोस, तर पुढचा कोण ते आधीच सांगत जा, म्हणजे तो स्पेल वाचून तयार राहील. राक्षसांनी केलेली इजा फासे न टाकता सरासरीनं धर. आणि सेशन संपताना प्रत्येक वेळी विचार, "पुढच्या शनिवारी कुठे जाणार?" ते जिकडे जाणार तेवढीच तयारी कर. ही माणसं आता पृथ्वीच्या पाठीवर कुठेही जाऊ शकतात, सगळीकडची तयारी कुणालाच जमणार नाही. तू रात्र-रात्र जागून करतोस ते आधी थांबव. ऑफिस आहे तुला.

ती वही त्या मुलानं आम्ही परत निघालो तेव्हा मला देऊन टाकली. माळ्यावरच्या ट्रंकेत होती, आज काढली. तीस नावांपुढे बरोबरच्या खुणा आहेत. म्हातारीच्या मुलाचं नाव दगडू. त्याच्यापुढे खूण नाही. पुरोहित खेळवणाऱ्या त्या मुलानं ते तीनदा लिहून तीनदा खोडलंय. पानांचे फोटो काढून पाठवते, तुझ्या पोरांना दाखव.

शनिवारी खेळ संपला की फोन कर, कितीही वाजले तरी चालेल. बाबांना उठवू नकोस, माझ्या मोबाइलवर कर.

तुझी,
आई