पुन्हा मावळत्या सॉकेटवर

कराड,
14 सप्टेंबर 2025

प्रिय सुध्या,

स. न. वि. वि.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर न देता वर्ष उलटून गेले, याची लाज वाटते. प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. आज लिहायला बसलो त्याचे कारण एकच, की 2009 साली आपण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला तो संगणक गणपतीच्या आठ दिवस आधी गेला, आणि घरात ही बातमी ज्याला सांगावी असा एकही माणूस नाही. हिने ‘नवा घ्या’ म्हटले, मुलीने ‘इतकी वर्षे चाललाच कसा?’ असे विचारले, आणि विषय संपला.

मंडळाचा अहवाल अर्ध्यावर असताना पडदा गोठला. झाकण काढले तेव्हा प्रोसेसरजवळच्या तीन कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली. चौकातल्या मुलाने ते बदलून दिले, परंतु मदरबोर्ड चाळीस मिनिटे चालतो आणि मग पुन्हा गोठतो. मी अहवाल असा चाळीस-चाळीस मिनिटांच्या हप्त्यांत पूर्ण केला. रावसाहेबांना त्यातले काहीही कळले नाही. त्यांनी फक्त देणगीदारांच्या यादीत आपले नाव तिसरे का, एवढेच विचारले.

आता जुन्या भांडणाकडे येतो. त्या दिवशी दुकानात तू एएमडीचा एएम टू प्लस सॉकेटचा बोर्ड घे म्हणत होतास, कारण प्रोसेसर बसवायच्या त्या जागेत, म्हणजे सॉकेटात, पुढचे प्रोसेसरही बसतील. आणि मी इंटेलचा जी 31 बोर्ड आणि पेंटियम ड्युअल कोअर ई 5200 प्रोसेसर यांवर अडून बसलो होतो. परतीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये कर्जतपर्यंत तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. तुझे बरोबर होते, हे मी सोळा वर्षांनी लेखी कबूल करतो. मात्र पूर्ण नव्हे. 775 सॉकेटच्या त्या इंटेल बोर्डावर चार कोअरांचा कोअर टू क्वाडही बसला असता. तो आपण कधी घेतला नाही, हा सॉकेटचा दोष नव्हे. खरा फास रॅमचा होता. डीडीआर टूच्या दोनच खाचा आणि चार जीबीची मर्यादा, आणि त्यातही आपली 32 बिटांची विंडोज एक्सपी सव्वातीन जीबीच्या आसपासच थांबायची.

हसायला तयार हो. या वेळी मी एएमडी घेतला: ए 520 चा बोर्ड आणि रायझेन 5 5600 जी प्रोसेसर, सहा कोअर आणि बारा थ्रेड. परंतु हा एएम फोर सॉकेट आहे आणि त्याच्या पुढचा एएम फाइव्ह 2022 मध्येच बाजारात आला. म्हणजे 2009 मध्ये मी मावळत्या सॉकेटवर पैसे लावले, आणि तुझा धडा इतका नीट गिरवून झाल्यावर पुन्हा मावळत्याच सॉकेटवर लावले. एएम फाइव्हला डीडीआर फाइव्ह रॅमच लागते आणि बोर्डही महाग पडतो, म्हणून मी मागे आलो. शिवाय 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा आधार संपतो आहे, आणि विंडोज 11 ला टीपीएम ही सुरक्षेची सोय लागत असल्यामुळे जुन्या बोर्डावर ती रीतसर बसणार नव्हती. तेव्हा नुसता जी 31 चा दुसरा जुना बोर्ड आणून वेळ मारून नेण्यात अर्थ नव्हता.

कॅबिनेट मात्र तेच ठेवले, कारण मायक्रो एटीएक्स बोर्डाची भोके आजही त्याच जागी येतात. मधला एक पितळी स्टड नव्या बोर्डाखाली विनाकारण उभा राहत होता. तो शॉर्ट करील म्हणून काढून टाकला. पॉवर सप्लायवरूनही तू भांडला होतास, आठवते? कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या, वर 450 वॉट छापलेल्या त्या डब्यावर माझा विश्वास होता. आताचा प्रोसेसर आपली जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टच्या वाटेने घेतो, आणि नेमकी तीच वाट अशा स्वस्त डब्यांत अरुंद असते. शिवाय त्याला चारच पिनांची प्रोसेसरची वायर आहे आणि नव्या बोर्डावर आठांची जागा आहे. तोही बदलला. डीव्हीडी रायटर काढून ठेवला, कारण त्याची ती रुंद आयडीई पट्टी जोडायला बोर्डावर जागाच उरलेली नाही.

प्रोसेसर बसवताना माझा हात थरथरला. 775 मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटात असत. इथे त्या प्रोसेसरच्या पोटाला आहेत, 1331, आणि त्यांतली एक जरी वाकली तरी सगळे मुसळ केरात. सोनेरी त्रिकोण जुळवला, दांडी खाली घेतली. पंखा चार स्क्रूंवर बसतो; इंटेलच्या त्या चार प्लॅस्टिकच्या पायांसारखा नाही, जे दाबताना तू बोर्ड पापडासारखा वाकवला होतास आणि माई आतून विचारत होत्या, ‘काही मोडलं का रे?’ पुढच्या बटणांच्या बारीक वायरी भिंगाखाली जोडल्या. बटण दाबले, पंखे फिरले आणि पडदा काळाच. अर्धा तास मी पॉवर सप्लायला दोष दिला. शेवटी निघाले काय, तर रॅमच्या एका पट्टीचा एक कान नीट बसला नव्हता. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या मुद्दाम घेतल्या, कारण ग्राफिक्स प्रोसेसरातच आहे आणि ते याच रॅममधून खाते.

इथपर्यंत आनंद आहे. काळजी पुढे आहे, आणि पत्र खरे तर त्यासाठी आहे.

जुनी हार्ड डिस्क नव्या बोर्डाने ओळखली, पण तिच्यावरची एक्सपी सुरू होत नाही, आणि होणार होती अशी आशा धरणे हा माझाच भाबडेपणा. आपले टायपिंगचे सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टवर खोचायच्या लॉकच्या ठोकळ्याशिवाय उघडत नाही आणि नव्या बोर्डाला तसा पोर्टच नाही. यूएसबीची वायर आणून पाहिली. ती प्रिंटर चालवते, लॉक जागे करत नाही. आणि माईंच्या 412 ओव्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहेत. तू रात्री जागून टाइप केलेल्या.

म्हणून मी अर्धमेला बोर्ड फळकुटावर ठोकला आहे, त्याला जुना सप्लाय आणि डिस्क जोडली आहे, आणि चाळीस मिनिटांत जेवढ्या निघतील तेवढ्या ओव्या बाहेर काढतो. आजवर 160 झाल्या. नव्या यंत्रावर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलतो, तिथे नवा घोळ होतो. जुन्या फाँटमध्ये ‘कि’ची वेलांटी आधी आणि क नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये उलट, तेवढे ते कन्व्हर्टर सांभाळते. पण अर्धा र त्याला समजत नाही. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ करून ठेवतो, त्यामुळे माईंच्या डोंगरात जागोजागी समुद्र शिरला आहे. ‘दऱ्या’ मी ओळखतो. परंतु त्यांच्या माहेरचे कितीतरी शब्द असे आहेत, की मूळ काय होते ते मला सांगता येत नाही, आणि त्या आता नाहीत.

2013 मध्ये बडोद्याला जाताना तू एक छापील प्रत नेली होतीस, पेन्सिलीने दुरुस्त्या केलेली. ती माझी आहे असे मी तेव्हा म्हणालो होतो आणि त्यावरून आपण जे बोललो ते बोललो. आता ती तुझीच आहे असे मान्य करतो. फक्त तिचे फोटो पाठव, विशेषतः 161 व्या ओवीपासूनच्या पानांचे. बोर्ड परवापासून पस्तीस मिनिटांतच गोठू लागला आहे.

वहिनींच्या गुडघ्याचे काय झाले? चिरंजीवाला नोकरी लागल्याचे कळले, अभिनंदन. दिवाळीत येणार असाल तर आधी कळव.

तुझा,
दादू

ता. क. ई 5200 माईंच्या सुपारीच्या डबीत ठेवला आहे. त्याला काही झालेले नाही, म्हणजे माझी निवड अगदीच वाईट नव्हती.