सुताराला थांबव

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुहास,

काकांच्या गॅरेजमधलं कामाचं बेंच तू भंगारात घातलं नाहीस, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण खालीच ‘सुताराला सांगितलंय, रंधा मारून चकचकीत करून घेतो’ वाचलं आणि तसाच लिहायला बसलो. बाबा रे, रंधा मारू नकोस!

फोटोत डावीकडे चार भोकं आहेत ना, तिथे काम घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस होता. त्याच्या समोरची कड बघ, आत गेलीय, गुळगुळीत झालीय. कानस चालवताना माणूस तिथेच टेकतो. ती झीज काकांच्या अंगाची आहे. सुतार ती पाच मिनिटांत सपाट करील.

मी हे भोगलंय. गॅरेजमधलं माझं पहिलं जुनं पत्र्याचं कपाट जुना रंग उडवून नवा बसवायला, पावडर कोटिंगला दिलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला कुणी मिस्त्रीनं ब्रशनं १-३-४-२ लिहिलेलं. फियाट असो की अम्बॅसडर, सिलिंडर त्याच क्रमानं पेटतात. सिलिंडरांना ठिणगी पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या वायरी लावताना नजर वर केली की समोर. कपाट कोरं होऊन आलं. अजून वाईट वाटतं.

म्हणून कराडजवळच्या पेट्रोल पंपावरून आणलेल्या कपाटाला हात लावायला घाबरत होतो. करड्या रंगाचा पोपडा नखानं काढला, तर खाली निळा लंबगोल आणि लाल अक्षरं, ‘एस्सो’! १९७४ साली सरकारनं ती पेट्रोल कंपनी ताब्यात घेतली, हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. म्हणजे तो खालचा रंग त्याआधीचा. बर्मा-शेलचं तसंच १९७६ला झालं. पाट्या बदलल्या, कपाटं रंगवून तिथेच राहिली. मी तेवढा पोपडा काढून थांबलो.

तुझ्या बेंचचे ड्रॉवरही रिकामे करू नकोस. एकात मिलिमीटरचे पाने असतील, ते फियाटचे. दुसऱ्यात इंचाचे, अम्बॅसडर आणि जीपचे. काका ते कधी मिसळू देत नसत. आपण लहानपणी चुकीच्या खणात पाना टाकला तेव्हा कसे ओरडले होते, आठवतं?

साफ करायचंच तर टर्पेंटाइनमध्ये फडकं भिजवून नुसतं ग्रीस पूस. लाकूड वाळलं की जवसाच्या तेलाचा एक पातळ हात दे. मात्र ती फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप तापून पेटतात. बाहेर दोरीवर पसरून वाळव.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. तोवर व्हाइस कुठे गेला ते काकूंना विचार. माळ्यावर असेल, नाहीतर काकांनी शेजारच्या वेल्डरला वापरायला दिला असेल. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
विनय