रामदास बोटीला चार धुराडी?

संपादक महोदय,

काल तुमच्या पुरवणीत १९४७ साली बुडालेल्या रामदास बोटीवरचा लेख वाचला. रात्रीच लिहायला बसलो होतो पण भलतंच काहीतरी लिहून गेलो असतो, म्हणून चहा घेऊन आत्ता लिहितोय. आधी फोटो. चार धुराड्यांची ती बोट अटलांटिकमध्ये शोभेल हो, मुंबईहून अलिबागजवळच्या रेवसला जाणारी रामदास जेमतेम १८० फुटांची होती. पण ते जाऊ दे. "गटारीच्या धुंदीत निघालेले प्रवासी" हे हेडिंग कोणाला सुचलं?

१७ जुलै १९४७ ला गटारी होती हे कबूल, पण म्हणून सहाशेच्या वर माणसं पिऊन बुडाली का? सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट, पुढे कासा बेटाजवळ वादळात सापडली, लाटेने कलली तशी माणसं घाबरून एका बाजूला पळाली आणि बोट उलटली. त्यात माझ्या आईचे वडील होते. परळला गिरणीत कामाला, गळ्यात तुळशीची माळ, दारूला शिवायचे नाहीत. आई तेव्हा पाच वर्षांची, तिने पाटीवरच्या पेन्सिली मागवल्या होत्या म्हणे. आजी रेवस बंदरात अंधार पडेपर्यंत उभी होती. प्रेत मिळालं नाही. आमच्याकडे आजही गटारीला वरणभातच असतो, नातू कुरकुरतात.

रिटायर झाल्यापासून मी ठाण्याहून लोकलने फोर्टात जाऊन त्या महिन्याचे पेपर चाळतोय, पानं हातात तुटतात. एका ऑफिसात उतारूंची यादी मागितली तर साहेब म्हणतात, "तिकीट आहे का त्यांचं?" आता बुडालेल्या माणसाचं तिकीट मी कुठून आणू? आणि तुमच्या लेखकाला मात्र मृतांचा आकडा एकदम शेवटच्या माणसापर्यंत ठाऊक! होड्यांत माणसं ओढून घेणाऱ्या रेवसच्या कोळ्यांवर एक ओळ नाही. तुकाराम आणि जयंती या बोटी १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या, त्यांचं तर नावही नाही, कदाचित तेव्हा गटारी नव्हती म्हणून.

फोटो आणि हेडिंग दोन्हीची दुरुस्ती छापा, आणि पहिल्या पानावर नको, जिथे छापलं होतं तिथेच चालेल. बाकी चार दिवस आमच्या सोसायटीत ठाणे पुरवणी भिजलेली येतेय, कालची नेमकी कोरडी आली.

एक वाचक, नौपाडा, ठाणे